सहा मायक्रॉन

"का फुटला नाही, एवढंच सांगा," साहेब म्हणाले आणि त्यांनी पडद्यावरचा फोटो मोठा केला.

फोटोत कुणाचं तरी स्वयंपाकघर होतं. छताला भगदाड, जमिनीवर चुन्याचा ढीग, आणि मधोमध कपडे धुवायचा निळा टब पालथा घातलेला. टबावर वीट. दाराच्या चौकटीत खुर्ची आडवी टाकलेली, कुणी चुकून आत जाऊ नये म्हणून. पुढच्या फोटोत टब बाजूला केला होता. खाली थर्मासएवढा बॉम्ब, याच कंपनीने बनवलेला, कंपनीच्याच ड्रोनमधून पडलेला. तिसऱ्या फोटोत त्याचा फ्यूज, म्हणजे बॉम्बच्या टोकाला बसणारा, त्याला फोडणारा भाग. त्यावर नगाचा क्रमांक, आणि शेजारी तपासणीचा बारीक गोल शिक्का. सतरा.

सतरा नंबरचा शिक्का तिचा होता; नग मोजून पास करणं तिचं काम.

"विंचू झाकावा तसा झाकलाय," ग्राहकाकडून आलेला माणूस म्हणाला. दोघंतिघं हसले. "बावीस टाकले, त्यातले नऊ असेच पडून राहिले. उरलेले तीनशे अठ्ठ्याहत्तर आमच्या गोदामात आहेत. ते कशाच्या भरवशावर वापरायचे?"

"कारण सापडलंय," साहेब म्हणाले. "धुलाईनंतर तेल जास्त लागलं. ते घट्ट झालं आणि आतली खिटी अडकली. उरलेल्यांचं तेल पुसून घ्या, काम भागेल." मग ते कोपऱ्याकडे वळले. "काय काका? धुलाईच्या टाकीवर तुम्हीच होतात ना?"

काका खुर्चीच्या कडेवर बसले होते. इतक्या वर्षांत या खोलीत ते पहिल्यांदाच आले होते. "होतो, साहेब. सव्वीस वर्षं तिथंच आहे. बायको म्हणते, तिकडे एवढं घासता-धुता, मग घरच्या भांड्यांनीच काय घोडं मारलंय?" कुणी हसलं नाही. काकांचंही हसू ओठांवरच विरलं. "पण तेल मापानंच लावलं होतं, साहेब. पोरांची शपथ."

"शपथ अहवालात लिहिता येत नाही, काका."

खापर कुणाच्या डोक्यावर फुटणार हे खोलीतल्या सगळ्यांना कळलं. काकांच्या निवृत्तीला चौदा महिने उरले होते.

तिच्यासमोर त्या चारशे नगांचं कार्ड होतं. धुलाई संपल्याची वेळ काकांच्या अक्षरात, मोजणीची वेळ तिच्या. मध्ये चाळीस मिनिटं. नियम चार तास थंड होऊ देण्याचा. गरम पाण्यातून निघालेलं ॲल्युमिनियम फुगलेलं असतं. त्यातलं खिटीचं छिद्र खऱ्यापेक्षा मोठं भासतं, आणि तपासणीचा गेज, म्हणजे मापाची सळई, सहज आत जातो. नग थंड झाला की छिद्र आक्रसतं. पाच-सहा मायक्रॉन. केसाच्या जाडीचा दहावा भागसुद्धा नाही, पण खिटी अडकायला तेवढं पुरे. त्या दिवशी माल न्यायला गाडी दारात उभी होती. खिटी का अडकली हे तिने सकाळीच ओळखलं होतं, आणि अजून कुणालाच सांगितलं नव्हतं.

ती गप्प बसली तर काका घरी जाणार. त्या तीनशे अठ्ठ्याहत्तरांचं नुसतं तेल पुसलं जाणार, आणि छिद्रं तशीच राहणार.

तिने पुन्हा पडद्याकडे पाहिलं. ओट्यावर धुतलेल्या ताटल्या निथळत लावल्या होत्या. मोजायची सवय, तिने मोजल्या. पाच.

"सही करा इथे," साहेबांनी काकांपुढे कागद सरकवला. काकांनी बोटं पँटला पुसली आणि पेन उचललं.

"तेल नाही, साहेब," ती म्हणाली. आपला आवाज तिला फार मोठा वाटला. "मी नग गरम असताना मोजले. छिद्रं लहान आहेत. सगळी."

तिने कार्डावरच्या दोन वेळा दाखवल्या. गाडी दारात होती, असंही ती म्हणाली, तेव्हा साहेब छताच्या पंख्याकडे बघू लागले. ग्राहकाच्या माणसाने कागदावर आकडेमोड केली, तिच्याकडून सहाचा आकडा दोनदा वदवून घेतला आणि पाठ टेकून बसला.

"म्हणजे छिद्रं सहा मायक्रॉनने वाढवली की झालं?"

"हो."

"तीनशे अठ्ठ्याहत्तरही चालतील?"

"हो."

"शाब्बास!" तो साहेबांना म्हणाला, "अशी माणसं जपा हो. उद्याच पाठवतो नग."

साहेबांचा जीव भांड्यात पडला. शिक्का काढून घेण्याची गोष्टच निघाली नाही. उलट चहा मागवला गेला. काका तिच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. "पोरी," एवढंच म्हणाले आणि डोळे पुसत बाहेर गेले.

काकांसाठीचा कागद साहेबांनी फाडला आणि कोरा अहवाल तिच्यापुढे ठेवला. दोषाचं कारण तिने नेमक्या दोन ओळींत लिहिलं. त्याखालचा रकाना होता, दोषाचा परिणाम. असे कितीतरी अहवाल तिने आजवर भरले होते: यंत्र बंद पडले, पंखाला तडा गेला, चाचणी रद्द झाली. पडदा बंद करायचं कुणाला सुचलं नव्हतं. तिने क्षणभर विचार केला आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं, काहीही झाले नाही.

साहेबांनी खांद्यावरून वाचलं. "बरोबर. पुढे?"

पुढचा रकाना होता, दुरुस्तीनंतर अपेक्षित परिणाम.