पांढरी चकती

"लगेच निघ" अशी तार करूनही चिरे घडवणाऱ्या केरूचा दत्ताराम मुंबईच्या प्रयोगशाळेतून रत्नागिरीला पोचला तो पाचव्या दिवशी.

"बाबा, सहा महिन्यांनी यंत्रावर नंबर लागला होता, सोडून कसा येणार?" पायरीवरच त्याने खिशातून सिरॅमिकची पांढरी चकती काढली. "हिच्यावर चार दिवस आयनांचा मारा केला. दिसायला तश्शीच आहे, पण आतली स्फटिकांची मांडणी पार बदलली!"

केरूने राठ तळव्यावर ती उलटीपालटी करून बघितली.

"मंग ही आता पयल्यासारखी व्हायाची नाय?"

"होते ना! भट्टीत तापवली की होते."

केरूने चकती त्याच्या हातात परत ठेवली.

"तुज्या आयशीला सोमवारी चितेवर ठेवली. ती काय पयल्यासारखी झाली नाय."