आईची साक्ष

सायकलवरच्या शिक्षिका अजून शुद्धीवर आल्या नव्हत्या. विमा कंपनीचा तपासनीस मुलाच्या प्लास्टरकडे नाही, त्याच्या डोळ्यांकडे बघत होता.

"बाई एकदम आडव्या आल्या," मुलगा म्हणाला.

"मग रस्त्यावर ब्रेकची खूण कशी नाही? फोनवर होतात?"

"नाही."

आईला राहवलं नाही. "उगाच संशय घेऊ नका हो. गाडी चालवताना बोलायचं नाही, ही सवय मीच लावलीय त्याला. त्या दिवशीसुद्धा मला बजावलंन् त्याने, आई, गाडी चालवतोय, नंतर बोलू."

"कधी बजावलं?"

"तेव्हाच की. त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत धाडकन..."

आईचंही वाक्य पुरं झालं नाही.