निळं बूच, पिवळं बूच

विहीणबाईंनी न्हाणीघराची कडी लावली आणि आत पाणी पडू लागलं, तशा सासूबाई गुडघा धरत त्यांच्या खोलीत शिरल्या. उशाशी पिवळ्या बुचाची बाटली होती. सासूबाईंनी शालीखालून आपली निळ्या बुचाची बाटली काढली, बुचांची अदलाबदल केली आणि विहीणबाईंची बाटली निळं बूच घालून शालीत दडवली. उभ्या जन्मात त्यांनी कुणाची सुईसुद्धा उचलली नव्हती. पण ही चोरी नव्हतीच मुळी, असं त्यांचं मत होतं. हा न्याय होता.

झालं होतं असं, की सून औषधी वनस्पतींवर संशोधन करायची. पाल्यातून वाफेवर सुगंधी तेल काढायचं आणि त्यानं सूज किती उतरते ते पाहायचं, हे तिचं काम. निर्गुडीच्या तेलानं प्रयोगशाळेतल्या उंदरांच्या पायांची सूज उतरली, तेव्हा तिनं मोठ्या हौसेनं एक बाटली घरी आणली. सासूबाईंचा गुडघा तेव्हा पावासारखा फुगलेला. "तेल घातल्यानं दार कुरकुरायचं थांबतं, माणूस नाही," असं म्हणून त्यांनी बाटली फळीवर ठेवली. ती तिथेच धूळ खात पडली.

पुढे सुनेची आई राहायला आली. तिच्या इमारतीला लिफ्ट नव्हती आणि गुडघा सुजून बसलेला. तिनंही लेकीला सुनावलं, "उंदरांचं औषध आईला लावतेस होय ग?" झालं. दिवाणखान्यात एकाऐवजी दोन खुर्च्या कण्हू लागल्या. "आई" अशी हाक आली की दोघी एकदम ओ द्यायच्या आणि उठायची मात्र एकही नाही.

मग एका रविवारी सुनेनं दोघींपुढे दोन बाटल्या ठेवल्या.

"आमचा मोठा अभ्यास सुरू झालाय," ती म्हणाली. "एकीत खरं तेल आहे, दुसरीत नुसता वास. कुणाला कुठलं आलंय ते मलाही ठाऊक नाही. रोज रात्री जुन्या बाटल्या घेऊन मी त्याच बुचांच्या नव्या देईन. दोघींनी सकाळ-संध्याकाळ लावायचं. मी टेपनं सूज मोजत जाईन."

मलाही ठाऊक नाही म्हणे. सासूबाई मनातल्या मनात हसल्या. लेक ती शेवटी आईचीच. आईपुढे पिवळी बाटली करताना सुनेचा हात जरा अलगद झाला होता, हे त्यांच्या नजरेतून सुटलं नव्हतं. त्याच दिवसापासून त्यांचा न्याय सुरू झाला. लबाडीनं मिळवलेलं तेल वाया कसं घालवायचं? त्या ते चोळून चोळून जिरवायच्या, दुपारी आणखी एकदा लावायच्या. आणि सूज खरोखरच उतरू लागली. गुडघ्याची वाटी कितीतरी दिवसांनी दिसली, तेव्हा हरवलेलं माणूस भेटावं तशा त्या तिच्याकडे पाहत राहिल्या.

घोडं अडलं ते पुढे. विहीणबाईंचाही गुडघा उतरत होता. खोटं तेल लावून ही बाई टुणटुणीत होतेच कशी? सासूबाईंनी पाळत ठेवायचं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी फिरायला जाते म्हणून चपला घातल्या, दार आपटलं आणि आतल्या आत पावलं न वाजवता परतल्या. त्यांच्याच पलंगावर विहीणबाई बसल्या होत्या. मांडीवर दोन बाटल्या. दातांत पिवळं बूच.

विहीणबाईंनी बूच तोंडातून काढून पुसलं.

"माझी पोर सासरी नाव राखायला खरं तेल तुम्हालाच देणार," त्या म्हणाल्या. "मी काय तिला आज ओळखते? म्हणून रोज बदलते. तुमची पूजा झाली की तुम्ही वर्तमानपत्र घेऊन बसता ना, तेव्हा."

"मी तुमच्या आंघोळीच्या वेळी," सासूबाई म्हणाल्या.

"एक दिवस तेवढी नाही बदलली. तुम्हाला खुर्चीतून उठवेना, त्या दिवशी. मन झालं नाही."

सासूबाई पलंगावर विहीणबाईंच्या शेजारी टेकल्या. आता कुठली बाटली कुणाची, हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. मग एकदम दोघींच्या लक्षात आलं, आणि दोघींचे चेहरे उतरले.

"पोरीचा अभ्यास," विहीणबाई पुटपुटल्या.

"तिचे वरिष्ठ काय म्हणतील? सगळे आकडे खोटे निघाले."

दिवसभर दोघींना जेवण गेलं नाही. संध्याकाळी सून आली तेव्हा दोघी दारातच उभ्या होत्या, बाटल्या हातात धरून. "तुम्ही सांगा", "छे, तुम्हीच सांगा" असं होता होता सासूबाईंनी एका दमात सगळं ओकून टाकलं. "आम्ही तुझी मेहनत मातीत घातली," त्या म्हणाल्या. "हवं तर मी स्वतः येऊन तुझ्या साहेबांची माफी मागते."

सुनेनं पर्स खाली ठेवली. दोघींचे गुडघे पाहिले. मग दोन्ही बाटल्या घेऊन शेजारी शेजारी फळीवर ठेवल्या.

"आमचा अभ्यास इस्पितळात चाललाय, घरात नाही," ती म्हणाली. "या दोन्हींत एकच तेल आहे, आई. खरंच. पण एक खोटं आहे असं म्हटलं नसतं, तर तुम्ही दोघींनी ते कधी लावलं असतं?"