गाडीपुढे बैल

धर्माजीने बैलांची जोडी आणून मोटारीपुढे उभी केली आणि खांद्यावरचा सोलाचा जाड दोर सोडला, तसा राजमहंमद खाटेवरून उठला.

"ह्ये काय आणलंस?"

"बैलं. चाचा, आता बैलंबी दिसंनात व्हय?"

गल्लीत जमलेली माणसं हसली. राजमहंमदच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. मागच्या बाजारी त्याने मोटार कुंभाराच्या मडक्यांवर घातली, आणि त्याच दिवशी त्याचा मुलगा जलाल याने मोटार सुरू करायचं हँडल लपवून गिऱ्हाईक शोधलं. ते गिऱ्हाईक म्हणजे आळे गावचा धर्माजी.

"माझी फोर्ड बैलांमागं जायची न्हाई," राजमहंमद म्हणाला. "नदीत रुतलेल्या तुमच्या बैलगाड्या हिनं वडून काढल्यात. तू नवरदेव व्हऊन हिच्यातच मिरवलास. इसरलास?"

"न्हाई इसरलो. म्हणून तर परक्याच्या हाती जाऊ दिली न्हाई. इंजान विहिरीवर बसवतो. मोटंची कटकट सुटंल."

"आन वरचं?"

"वरचं कशाला वाया घालवू? टप हाय, दारं हायेत. कोंबड्यांस्नी लई झ्याक खुराडं व्हईल."

"कोंबड्या!" राजमहंमदने काठी आपटली. "अरे, त्या गादीवर नवऱ्या बसल्यात, नवऱ्या!"

"अब्बा, सौदा झालाय," जलाल म्हणाला. "तुमी आत जा."

"ती चालत आली, चालत जाईल. काढ हँडल."

"आन चालवायची कुणी? मला कधी स्टेअरिंगला हात लावू दिलात?"

 राजमहंमदने कुणालाच हात लावू दिला नव्हता.

धर्माजीने सोल मोटारीला बांधला. जलाल पुढे बसला. डोक्यावरची पाटी धरावी तसं त्याने स्टेअरिंग दोन्ही हातांनी धरलं. बैल निघाले. गल्लीचा उतार लागताच मोटार आपसूक धावली आणि डाव्या बैलाच्या मागच्या पायांवर जाऊन आदळली. बैल उधळला. जलाल नुसताच पाय आपटत राहिला.

"ब्रेक! गाढवा, ब्रेक दाब!" राजमहंमद ओरडला.

कुणीतरी चाकाखाली धोंडा सरकवला. धर्माजी बैलाचा पाय चाचपत होता. आता तो हसत नव्हता.

"आळ्यापातुर असले लई उतार हायेत. माझी बैलं मरतील, राव."

"उतर खाली," राजमहंमद जलालला म्हणाला.

"अब्बा, तुमाला दिसत न्हाई."

"मला कशाला दिसाया पायजे? डोळं असलेलं जनावर बांधलंय की पुढं!"

मडगार्डावरून हात फिरवत तो दारापाशी गेला आणि आत बसला. टोपी नीट केली. धोंडा निघाला. बैल चालू लागले. उतारावर सोल जरा सैल पडला की ब्रेक लागत होता. मोटार पुन्हा बैलांना शिवली नाही.

बाजारपेठेत दोन्ही बाजूंना माणसं उभी राहिली. धर्माजी बैलांचा कासरा धरून पुढे चालत होता. एका दुकानातून आवाज आला, "चाचा, जरा सावकाश! धडकाल कुठंतरी!"

पेठभर हशा झाला.

राजमहंमदची मान ताठ झाली. त्याने दाराबाहेर हात घातला आणि भोंग्याचा रबरी फुगा आवळला. बैल बिचकले. त्याने पुन्हा आवळला, पुन्हा.

"चाचा!" धर्माजी ओरडला. "भोंगा कुणाला वाजवताय?"

"तुझ्या बैलांला!" राजमहंमद गरजला. "म्हणावं बाजूला व्हा, मागून मोटार येतीया!"