तांब्या आणि हेल्मेट

"पण तुला निवडलं कुणी?"

"अहल्याक्का, परत तेच!" मुकुलचा आवाज चढला. "संस्थेनं पाठवलंय मला."

"आणि संस्थेचं कोण ठरवतं?"

"फॉरिनला कमिटी आहे."

"त्या कमिटीला कोण निवडतं?"

"ते... एकमेकांना निवडतात."

राजाजीनगरची अख्खी मराठी शिंपी गल्ली हसली. मशिनी थांबल्या. मुकुलचे कान लाल झाले. पुण्याहून बेंगळूरला येऊन वर्ष झालं होतं त्याला, पण एवढं कुणी हसलं नव्हतं.

संस्था गल्लीत पाण्याची टाकी बांधणार होती. फुकट. सकाळी मुकुलनं नकाशा बघून चुन्याची रेघ मारली ती नेमकी पुरुषोत्तमच्या दुकानासमोर. तिथं टाकी आली की त्याच्या मशिनवर दिवसा अंधार. तिथून भांडण पेटलं.

"फुकट देतोय तरी कटकट!" मुकुल ओरडला.

"फुकट मिळतंय म्हणून तोंड शिवून घ्यायचं काय?" अहल्याक्का महिला संघाची अध्यक्ष. दर वर्षी निवडून येते, दर वर्षी भांडून येते. "तू पण उभा राहा. जिंकलास तर बांध. हरलास तर तुझी टाकी घेऊन जा गपचूप."

"राहतो! आत्ता राहतो! समोर कोण?"

"मी आहे की," पुरुषोत्तम दुकानातून म्हणाला. तोंडात टाचण्या होत्या, तरी म्हणाला.

अर्ध्या तासात इलेक्शन लागलं. घरटी एक बटण. संघाच्या खोलीत दोन भांडी ठेवली, मुकुलचं हेल्मेट आणि पुरुषोत्तमचा पितळी तांब्या. आत एकट्यानं जायचं, बटण टाकायचं, बाहेर यायचं.

आधी भाषण. मुकुल पायरीवर चढला. "पार्टिसिपेशन म्हणजे... कम्युनिटीची कपॅसिटी..."

"अण्णा, मराठीत!" मागून कुणीतरी ओरडलं.

मुकुल पायरीवरून खाली उतरला आणि बुटानं ती चुन्याची रेघ पुसायला लागला. पुसून पुसून बूट पांढरा झाला.

"ज्यानं नकाशा काढला त्यानं ही गल्ली बघितलेली नाही," तो म्हणाला. "मी रोज बघतो, तरी गाढवासारखी रेघ मारली. जागा तुम्ही सांगा. टाकी तिथंच होईल. हेड ऑफिसशी मी भांडतो." त्यानं पुरुषोत्तमच्या टेबलावरचा खडू उचलला आणि त्याच्याच हातात दिला. "अण्णा, पहिली रेघ तुमची."

"गोड बोलू नको." पुरुषोत्तमनं खडू कानावर खोचला. "माझं मत मलाच."

मतदान सुरू झालं आणि सगळ्यांच्या एकदमच लक्षात आलं. तांब्यात बटण पडलं की टण् वाजतं. हेल्मेटला आतून गादी. काहीच वाजत नाही.

टण्. टण्. टण्.

पुरुषोत्तम मिशीला पीळ द्यायला लागला. मुकुल पायरीवर बसला. मग शेजारच्या हयवदनची म्हातारी आई आत गेली. सगळी गल्ली कान लावून उभी. काहीच नाही. म्हातारी हसत बाहेर आली आणि पोरांनी शिट्ट्या मारल्या. पुढची गेली. गप्प. परत शिट्ट्या. टण् झालं की पुरुषोत्तमची माणसं नाचायची, गप्प झालं की मुकुलची.

एवढ्यात गाडी आली. हेड ऑफिसच्या फॉरिनच्या बाई उतरल्या, टाकीची जागा बघायला. मुकुलनं घाम पुसत इंग्रजीत सगळं सांगितलं. बाई खूश झाल्या. त्यांनी कोटाचंच एक बटण ओढून तोडलं. मी पण मत देते, म्हणाल्या.

मुकुलनं ते अहल्याक्काला मराठीत सांगितलं.

"विचार त्यांना, घर कुठल्या गल्लीत?"

मुकुलनं विचारलं. बाईंनी गल्लीकडं बघितलं, बटणाकडं बघितलं, आणि मोठ्यानं हसल्या. अहल्याक्कानं त्यांना स्टूल दिलं, कॉफी दिली, आणि एकीला सुईदोरा घेऊन कोटाचं बटण लावायला बसवलं.

शेवटी हिशोब बरोबरीत आला. जेवढे टण् तेवढेच गप्प. एकच मत राहिलं होतं, पुरुषोत्तमचं.

मुकुलनं डोळे मिटले. "स्वल्प, जरा गप्प बसा रे!" अहल्याक्का पोरांवर खेकसली. पुरुषोत्तम आत गेला. बाईंनी कॉफीचा घोटसुद्धा गिळला नाही.

काहीच वाजलं नाही.

आतच उभा असेल, सगळ्यांना वाटलं. पण पुरुषोत्तम बाहेर आला, हात झटकत. गल्ली नुसती बघत राहिली.

"बघता काय?" तो म्हणाला आणि कानावरचा खडू काढून मुकुलच्या खिशात खोचला. "सरका तिकडं. गिऱ्हाईक थांबलंय, मला जायला पाहिजे."