आग कुणाची?

एरवद बरजोर बोस्टनजवळच्या एका विद्यापीठात पारशी मुलांचे धर्मगुरू होते. अडचण एवढीच की वर्षभरात एकही पारशी मूल त्यांच्याकडे फिरकलं नव्हतं. "नवरोजलाही कुणी आलं नाही, तर वसतिगृहाखालची ही प्रार्थनेची खोली बंद करावी लागेल," असं डीनबाईंनी बजावलं होतं.

नवरोजच्या सकाळी त्यांनी पांढरा डगला चढवला, तोंडावर पदानाचा रुमाल बांधला आणि रिकाम्या खुर्च्यांसमोर आफरगान्यात, त्या पवित्र अग्निपात्रात, चंदन पेटवून प्रार्थना सुरू केली. धूर छताला लागायचा अवकाश, आगीचा भोंगा असा कोकलला की वरचं अख्खं वसतिगृह पायजम्यांतच बर्फात येऊन उभं राहिलं.

बंबवाला नळी घेऊन धावला. बरजोर हात पसरून दारात आडवे आले. "पाया पडतो, पण पाणी मारू नका!"

"अहो, ही आग आहे तरी कुणाची?"

"आमची!" गर्दीतून सशाच्या कानांच्या सपाता घातलेली एक मुलगी ओरडली.

"माझीसुद्धा!" तिच्या मागून ब्लँकेट पांघरलेला एक उंच मुलगा म्हणाला.

मग तिकडून एक, पलीकडून दोघी. बंबवाल्यानं नळी खाली केली. बरजोर रुमालाआडून हसत होते की रडत होते, ते त्यांनाही कळेना.

ती मुलगी मात्र उंच मुलाकडे बघतच राहिली. "मेल्या, दोन वर्षं माझ्या शेजारच्या खोलीत राहतोस, आणि मी इथे एकटीच पारशी म्हणून रडतेय!"