दुपट्ट्याखालचा भाव

मोटारीचा सरकारी भाव एकच, हे तुम्ही मोटारींचा कोटा वाटणारे सरकारी अधिकारी छातीठोक खोटं बोलता, साहेब. लकवा झालेल्या बायकोला एसटीत चढवता येईना, म्हणून चंपतराव नागपूरला मोटार घ्यायला गेला. बैलबाजारातल्या सवयीनं त्यानं मोटारीच्या दुकानातल्या मॅनेजरच्या हातावर दुपट्टा टाकला आणि खाली बोटं दाबून भाव सांगितला.

मॅनेजरनं हात झटकला. "अहो पाटील, हा काय बैलबाजार आहे? इथे एकच भाव!"

"बरं, त्याच भावानं द्या. गाडी कधी?"

"नंबर लावा. आठ वर्षं."

"तवरिक बायको जगन काय, भाऊ?"

मॅनेजरनं दार लोटलं, तोच दुपट्टा स्वतःच ओढून घेतला आणि खालून चार बोटं दाबली. "वरचे एवढे. गाडी उद्या न्या."

बैलबाजाराला अडाणी म्हणता ना, साहेब? मग सांगा, त्या चार बोटांतली तुमची किती?